नातीपायी गेलेली मिशी

रादोय अक्रोडाच्या झाडावर चढून काठीनं फांद्या झोडपत होता. खाली शेजारचा मी आणि त्याची बायको वेलिका डोकी वाचवत अक्रोड वेचत होतो. वेलिकाच्या टाळक्यात एक बसला, तशी ती वर बघून ओरडली, "आरं, झाड झोडतुयास का मला?"

"तू मधीच उभी ऱ्हातीस, त्याला मी काय करू?"

त्यांची जुंपणार, एवढ्यात फाटकाशी मोटार थांबली. त्यांचा एकुलता लेक यावोर आला होता. तो जर्मनीत मालट्रक चालवतो. आठवड्याची रजा काढून आला होता आणि पहिल्यांदाच पोरीला घेऊन. नात नेवेना दीड वर्षाची. रादोयनं तिला आजवर फोनच्या काचेतच बघितलेलं.

म्हातारा सरसर खाली उतरला. हात अक्रोडाच्या सालीनं काळे, टोपीवर पाला आणि तोंडावर ती मिशी. मिशीचं सांगायलाच पाहिजे. आमच्या बेलासित्सा डोंगराच्या पायथ्याला तशी मिशी दुसरी नव्हती. पांढरीशुभ्र, झाडूएवढी जाड आणि टोकं बैलाच्या शिंगांसारखी वर वळलेली. पलटणीतनं सुटून आला तेव्हापासनं तिनं वस्तरा बघितला नव्हता. लग्नकार्यात फोटो काढायचा झाला की नवऱ्यामुलाच्या आधी रादोयला मधी उभा करायचे.

"ये गं माझ्या पिल्ला!" म्हणून त्यानं हात पसरले.

पोरीनं त्याच्याकडं बघितलं. तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला आणि मग तिनं अशी किंकाळी फोडली, की आळीतली कुत्री उठून भुंकायला लागली.

"हात काळं हायत, म्हणून भ्याली," रादोय म्हणाला. हात धुऊन आला. पुन्हा किंकाळी. टोपी काढली. पुन्हा तेच.

वेलिका कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हाताऱ्या, हात न्हाई आन् टोपी न्हाई. तुझ्या नाकाखाली जे मांजर झोपलंय न्हवं, त्याला भितीया ती."

"ही मिशी बघूनच लगीन केलंस की!"

"मिशीमागं काय हाय ते दिसलं न्हाई, म्हणून केलं."

सून कालिना शहरातली, पण मनानं मोकळी. ती म्हणाली, "बाबा, वाईट वाटून घेऊ नका. घरात कोंडली की ती चिडते. रोज कुठंतरी बाहेर नेऊ. रमेल तशी जवळ येईल."

तेव्हापासनं माझी गाढवाची गाडी त्या पोरीच्या दावणीला लागली. एके दिवशी भोपळे आणायला, एके दिवशी नदीवर. ऊन असं गोड पडायचं, की माणसानं पांघरून झोपावं. पोरगी गाडीत माझ्या शेजारी बसून गाढवाच्या शेपटीशी गप्पा मारायची. आजीच्या हातचं खायची, मला टाळ्या द्यायची. आणि सख्खा आजा गाडीमागं लांबनं चालत यायचा, वाळीत टाकल्यासारखा.

चेस्टनट वेचायला डोंगरात निघालो, त्या दिवशी तर त्यानं कमालच केली. वेलिकाचा फुलाफुलांचा रुमाल घेतला आणि नाकाखालनं तोंडाला बांधला. आळीतनं चाललो तशा बाया कुंपणांवर ओणवल्या.

"काय रं रादोय, दाढ दुखतीया?"

"का दरोडा घालायला निघालास?"

"दातं काढू नगासा, तुमच्या चुली इझतील!" तो रुमालातनं गुरगुरला.

रानात रात्रीच्या पावसानं माती भिजलेली. पिवळ्या पानांचा गालिचा पडलेला आणि वरनं चेस्टनट टप्‌ टप्‌ पडत होते. त्यांची काटेरी टरफलं उकलून आत तपकिरी दाणे चकाकत होते. कालिना पायानं टरफल दाबून दाणा काढायची आणि पोरगी तो उचलून माझ्या टोपीत टाकायची. रादोय एका झाडाआड उभा होता. तिथनं तो एकेक दाणा उतारावरनं तिच्याकडं घरंगळत सोडायचा. तो पायाशी आला की पोरगी खुदकन हसायची. कुठनं येतोय ते तिला ठाऊक नव्हतं. पण म्हातारा तेवढ्यावर खूश. झाडाला टेकून पोराटोरासारखा हसत होता. त्या हसण्यानंच रुमाल सुटला.

पोरगी आईकडं पळाली. रडलीही. पण आईच्या खांद्यावरनं एक डोळा काढून ती मिशीकडं कितीतरी वेळ बघत राहिली, आणि जाताना एक बोट आपल्या नाकाखाली फिरवलं.

"रादोय, पोरगी वळतीया," मी म्हणालो. "आजचं रडणं कोरडं हुतं."

"तू माझी समजूत घालू नगं, ग्रोझ्दान. तू गाढवाची घाल."

दुसऱ्या दिवशी नदीकाठी तांबड्या मिरच्या भाजायचा बेत होता. यावोरनं जाळ केला. भाजलेल्या मिरच्यांचा खरपूस वास सुटला. वेलिका बोटं भाजून घेत साली काढत होती. तेवढ्यात धनगराची मेंढरं पाण्यावर आली. त्यांच्यात एक म्हातारा बोकड, गुडघ्याला टेकेल एवढी दाढी. आम्ही उठायच्या आत नेवेना दुडूदुडू गेली आणि तिनं बोकडाची दाढी दोन्ही हातांनी धरून तिला गाल लावला. बोकड बिचारा डोळे मिटून उभा.

सगळे हसले. वेलिकाच्या डोळ्यांत तर पाणी आलं. रादोय तेवढा हसला नाही.

"बोकडाचं केस चालत्यात," तो म्हणाला. "रक्ताच्या माणसाचं न्हाई चालत."

त्यानं पुढ्यातली राकिया, आमची फळांची दारू, तशीच ठेवली. भरला पेला रादोयनं सोडलेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला.

सकाळी मी गाडी घेऊन गेलो. त्या दिवशी द्राक्षमळ्यात जायचं होतं. अंगणात खांबाला आरसा टांगलेला आणि आरशापुढं कुणीतरी अनोळखी माणूस तोंड पुशीत होता.

"कोण पाहिजे?" मी म्हणालो.

"माझंच घर हाय, मूर्खा."

आवाज रादोयचा होता. नाकाखाली एवढी पांढरीफटक जागा, जशी भिंतीवरनं तसबीर काढल्यावर राहते. वेलिका दुधाची चरवी घेऊन गोठ्यातनं आली, तिनं बघितलं आणि निम्मं दूध सांडलं.

"आरं देवा! लग्नाआधी हे दावलं असतंस, तर मी इचार केला असता!"

"आता कर. पोरीला बाहेर आण."

कालिना पोरीला घेऊन बाहेर आली. रादोय उकिडवा बसला. पोरगी खाली उतरली, त्याच्याकडं बघितलं आणि त्याला वळसा घालून पुढं गेली. माझ्या गाडीच्या मागं जाऊन वाकून बघितलं. झाडाआड बघितलं. मग आईकडं वळून नाकाखाली बोट आडवं धरलं आणि विचारलं, "दादो?"

आमच्याकडं आज्याला म्हणतात दादो. आठवडाभर सगळे तिला घोकवत होते, पण तो शब्द तिच्या तोंडून त्या सकाळी पहिल्यांदा निघाला. आणि तो रादोयसाठी नव्हता, मिशीवाल्यासाठी होता.

"अगं, हाच दादो!" वेलिका म्हणाली.

पोरीनं त्या बोडक्या ओठाकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. दादोला कुठं नेऊन घातलंत, असं ते रडणं.

रादोय मटकन मातीत बसला. "नशीबच बोडकं," एवढंच बोलला. मला हसूही येईना आणि रडूही येईना.

अंगणात मक्याच्या सोललेल्या कणसांचा ढीग पडला होता. कालिना तिकडं गेली. एका कणसाची वाळलेली तपकिरी शेंडी तिनं ओढली आणि सासऱ्यापुढं गुडघ्यावर बसली.

"बाबा, वर बघा. आणि ओठ जरा पुढं काढा."

"सूनबाई, आता सोंगं करू का मी?"

"मिशी काढली तेव्हा मला विचारलं होतंत? आता गप बसा."

तिनं ती शेंडी त्याच्या नाकाखाली ठेवली. ओठाच्या चंबूत ती धरून म्हातारा बसला, श्वास रोखून. पोरीचं रडणं मधीच थांबलं. ती एकेक पाऊल टाकत जवळ आली आणि तिनं शेंडी ओढून काढली. बोडका माणूस. परत लावली. दादो! काढली. लावली. मग तिला असं काही हसू फुटलं, की ती बसकण मारून हसली. शेंडी तिनं स्वतःच्या ओठाला लावली, आजीला लावली, मला लावली आणि शेवटी गाढवालाही. गाढवानं ती खाऊन टाकली.

ती शेंडी गेली ती गेलीच. पण मळ्यात जाताना पोरगी रादोयच्या खांद्यावर बसली होती. द्राक्षांचा रस त्याच्या टकलावरनं कानात उतरत होता, आणि म्हातारा तो पुसत नव्हता.

परवा सकाळी यावोर निघाला. त्या वेळी मी गिरणीवर गेलो होतो. पोत्यानिशी परत येताना हमरस्त्यावरच्या पुलाशी रादोय चालत येताना दिसला. बोडका ओठ, पायात घरातल्या सपाता, अंगात नुसती बंडी. वारा गार सुटलेला.

"आरं, हिकडं कुटं?"

"पोरगी गळ्याची मिठी सोडंना. म्हणलं, वेशीपतोर मोटारीत बसतो. वेस आली तरी सोडंना. हितं पुलावर झोप लागली, तवा उतरलो."

"बस गाडीत. सर्दी हुईल."

"न्हाई बसत."

"का रं?"

"गाडीत बसलो तर कोण इचारतंय मला, सपाता घालून कुटनं आलास म्हणून?"

असं बोलत गावात शिरलो, तशी पहिल्या घरातनं म्हातारी बाहेर आली आणि कुंपणावर ओणवून म्हणाली, "रादोय, आरं ही काय दशा? काय झालं?"

रादोयनं कुंपणावर दोन्ही कोपरं टेकली, घसा खाकरला आणि अक्रोडाच्या झाडापासनं सुरुवात केली.

मी गाढव हाकललं. त्याला घरी पोचायला दिवे लागले. वाटेत घरं लई होती.