बरोबरीचा घाव

हिरालालनं कुऱ्हाडीच्या एका घावात बंडूजीचा पाण्याचा पाइप तोडला. बंडूजीनं मागचापुढचा विचार न करता आपली कुऱ्हाड घेऊन त्याच्या वाफ्यात घुसून लगडलेली वांगी सपासप आडवी केली. मग हिरालाल बंडूजीच्या टमाट्यांत शिरला. जशास तसं, झाडाला झाड. आंजी गावच्या त्या मळ्यात पंधरा मिनिटांत हिरवं म्हणून काही उभं राहिलं नाही.

भाऊ जुळे होते. तोच चेहरा, नाकाच्या शेंड्यावर तोच राग. फक्त बंडूजी उजव्या हाताचा आणि हिरालाल डावखुरा. समोरासमोर आले की एकच माणूस आरशापुढे उभा आहे असं वाटे. वाटणीत शेत कापलं, विहीर काही कापता आली नाही, आणि तिच्या पाण्यावरून दोघंही वेडे झाले होते.

बंडूजीची मुलगी दामिनी विहिरीच्या काठावरून ओरडत होती. ती नागपूरला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करत होती, सुटीला आली होती. सकाळीच चहा पिताना तिनं बापाला आपला अभ्यास सांगितला होता. विश्व जन्मलं तेव्हा पदार्थ आणि त्याचा उलटा जुळा भाऊ, प्रतिपदार्थ, सारखेच होते. भेटले की दोघंही खलास, मागे नुसता उजेड.

"दोघंबी बराबरीचे, तं मंग आपन काऊन उरलो?" बंडूजीनं विचारलं होतं.

"तिथंच तं सारे अडून आहेत, बाबा. एका बाजूनं कुठंतरी केसभर फरक पडला. काऊन पडला, कोणाले माहीत नाई," ती हसत म्हणाली होती.

आता तोडायला झाडं उरली नाहीत, तसे भाऊ एकमेकांवर धावले.

"बाबा! काका! नका ना जी!"

दोन्ही कुऱ्हाडी एकदमच वर गेल्या आणि एकदमच खाली आल्या. हाडावर लोखंड बसल्याचा आवाज दामिनीनं दोनदा ऐकला. दोघं कापलेल्या वांग्यांवर कोसळले. रक्त कोणाचं किती, कळेना. "मरा एकदाचे!" तिच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं ओढणी टराटरा फाडली. अर्धी बापाच्या डोक्याला बांधली, अर्धी काकाच्या गळ्याशी दाबून धरली.

सावंगीला नेईस्तोवर बंडूजी पुटपुटत होता, "बराबरीचं झालं. त्यानंबी मारलं, म्याबी मारलं."

दवाखान्यात त्याला टाके घालून डॉक्टरीणबाई दामिनीकडे वळल्या.

"यांना कुऱ्हाडीचा तुंबा लागलाय, बोथट बाजू. आठवड्यात घरी जातील. यांच्या भावाला मात्र धार लागलीय, तीही गळ्याजवळ. त्यांचं आत्ताच काही सांगता येत नाही. यांना लागलेल्या कुऱ्हाडीला धार नव्हती का?"

"होती," दामिनी म्हणाली. तिला एका घावात तुटलेला पाइप आठवला.

बंडूजीनं ते ऐकलं. त्याचं पुटपुटणं थांबलं. त्यानं उजवा हात नर्सपुढे लांब केला.

"रगत माह्यं घ्या, बाई. एकच आहे आमचं."

तुमचंच पुष्कळ गेलंय, असं म्हणून नर्सनं तो हात हलकेच खाली ठेवला. त्यानं तो पुन्हा पुढे केला आणि मुलीकडे पाहिलं.

"दामिनी, हिऱ्यानं कुऱ्हाड उलटी काऊन फिरवली वं? सांग ना माय, तू तं एवढी शिकली."

दामिनीजवळ सकाळचंच उत्तर होतं: केसभर फरक पडला, काऊन पडला ते कोणाले माहीत नाई. तिनं बापाचा पुढे केलेला हात धरला.