फियाटच्या पोटाखाली

ठाण्यात, कोपरीच्या त्या बिनलिफ्टच्या इमारतीत गुणाजींची जुनी फियाट म्हणजे घरातलं लाडावलेलं शेंडेफळच. खाडीचं खारं वारं पत्रा खातं, म्हणून दर मे महिन्यात तिच्या पोटाला तेल लागायचं. गॅरेजवाले काळा जाड थर फासतात, त्याच्याआड पाणी साचून पत्रा आतल्या आत कुजतो, असं गुणाजींचं ठाम मत होतं. तेल कसं, सांध्यासांध्यांत झिरपतं. त्यांचे गुडघे गेल्यापासून तेलाचा पंप घेऊन गाडीखाली शिरायचं काम मुलीकडे, स्वप्नाकडे आलं.

स्वप्नाची चाळिशी उलटली होती. नाशिकला शाळा काढलेली मैत्रीण तिला कधीची शिकवायला बोलावत होती. स्वप्नाने विषय काढला की गुणाजी एवढंच विचारायचे, मग गाडीखाली कोण जाणार? आपल्यापेक्षा पत्र्याची काळजी जास्त, हे तिच्या जिव्हारी लागलं. ही गाडी गेल्याशिवाय आपली सुटका नाही, हे तिने ओळखलं.

पुढचे दोन उन्हाळे ती गाडीखाली नुसती पडून राहिली. रिकामा पंप फुसफुसवायची, हातांना थोडं तेल चोळून बाहेर यायची. खुर्ची टाकून बसलेले गुणाजी समाधानाने मान डोलवायचे.

तिसऱ्या वर्षी गाडीत बसताना त्यांच्या पायाखालचा पत्रा खचला. तिला वाटलं, आता आकांडतांडव होणार. पण त्यांनी गाडीचं वय झालं म्हणत स्वतःच भंगारवाल्याला बोलावलं. स्वप्नाने त्याच आठवड्यात बॅग काढली.

गाडी गेली आणि गुणाजी खाली उतरेनासे झाले. इतकी वर्षं काठी टेकत रोज दोन जिने उतरायचे ते गाडी पुसायला, हे तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. आता उतरायचं कशाला, म्हणत ते पडून राहू लागले. नौपाड्यातल्या डॉक्टरांना आजार सापडला नाही, पण पडून पडून पाय लुळे पडले. आंघोळीलाही धरून न्यावं लागे. असल्या माणसाला एकटं टाकून ती जाणार कुठे? तिने नाशिकला फोन करून नाही म्हणून कळवलं.

त्या संध्याकाळी पेज भरवताना गुणाजींनी तिचा हात धरला.

“गाडीचं मनाला लावून घेऊ नकोस गं. तू दरवर्षी गाडीखाली गेलीस. तुझ्याकडून काही कमी पडलं नाही.”

खरं सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. पण ते ऐकल्यावर या माणसाकडे उरणार काय?

“हो बाबा,” ती म्हणाली, आणि पुढचा चमचा भरला.