बटणकडची दोन गुपितं

संस्थेत कामाला लागल्यापासून महिन्याभरातच तिचं खरं नाव सगळे विसरून गेले. कडेवर, मांडीवर नाहीतर पाठीशी बांधलेलं बाळ कायम असायचं, त्यामुळे संस्थेतली मुलं, त्यांचे पालक, अगदी पोस्टमनसुद्धा तिला ‘बाळाची आई’ म्हणू लागला. तिलाही ते आवडलं. घरी ती अजून नुसती ‘सूनबाई’ होती.

संस्था म्हणजे दोन खोल्या आणि एक लांबट व्हरांडा. शाळा सुटली की आईवडील कामावरून परतेपर्यंत मुलं इथे थांबायची. अभ्यास, खेळ, थोडं शिवणकाम, आणि शनिवारी चित्रकला. चित्रकला शिकवायला बाहेरून एक गृहस्थ यायचे, फुकट, हौसेने. मुलं त्यांना चित्रकाका म्हणायची. हे सगळं उभं केलं होतं मोठ्या बाईंनी आणि महिन्याअखेर त्या निवृत्त होणार होत्या.

बाईंचा एक नियम मुलांना तोंडपाठ होता. “इथे गंमत चालेल, गुपित चालणार नाही. गंमत कधी ना कधी सगळ्यांना कळते आणि सगळे हसतात. गुपित मात्र कधीच कळू द्यायचं नसतं. मोठ्या माणसाने तुम्हाला गुपित राखायला सांगितलं, तर सरळ येऊन मला सांगायचं. मग तो मोठा माणूस मी का असेना.”

आणि तरीही बाईंच्याच निरोपासाठी सगळ्यांनी मिळून तो नियम मोडला, तोही इतक्या मायेने की कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. कल्पना शिलाईताईंची. शिवणकाम त्या शिकवायच्या. बोलणं टोचरं, हात मऊ. प्रत्येक मुलाने कापडाचा एक चौकोन भरायचा आणि सगळे जोडून बाईंसाठी पांघरूण करायचं.

“पण खबरदार!” शिलाईताईंनी कात्री उगारून मुलांना दम भरला. “हे आपलं गुपित. बाईंनाच काय, घरी आईलासुद्धा सांगायचं नाही. जो फोडेल त्याचा चौकोन मी स्वतः उसवणार.”

मुलं खिदळली. बाळाची आईही हसली.

शुक्रवारी दुपारी बाकीची मुलं अंगणात होती. बटण तेवढी आत बसून आपला चौकोन भरत होती. पहिल्या दिवशी फ्रॉकचं तुटलेलं बटण मुठीत घट्ट धरून आलेली ही मुलगी, म्हणून बटण. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. शाळेत कोण पडलं, शेजारच्यांच्या मांजरीने कुठे पिल्लं घातली, सगळा वृत्तांत रोज हजर. अलीकडे मात्र ती गप्प गप्प असायची. शिवणकामात रमली, असं सगळे धरून चालले होते.

बाळाची आई शेजारी बसून बाळाला थोपटत होती.

“मी कोणालाच नाही सांगितलं,” बटण मान वर न करता म्हणाली. “पांघरुणाचं.”

“शहाणी गं माझी.”

“मला गुपित राखता येतं. माझ्याकडे दोन आहेत.”

बाळाच्या आईने थोपटणारा हात थांबवला नाही. कामाला लागताना बाईंनी दिलेल्या शिकवणीतलं एकच वाक्य तेवढं आठवलं: मूल बोलू लागलं की आपण घाई करायची नाही, आणि आपल्या मनातलं त्याच्या तोंडी घालायचं नाही.

“दोन?” ती म्हणाली. “म्हणजे भारच झाला की.”

“हो ना.” बटणने दोरा ओढला. तो गुंतला. “दुसरं फोडलं तर काय उसवतात?”

“काही नाही उसवत, बाळा. तुला सांगावंसं वाटलं तर सांग. मी ऐकतेय.”

बटणने मान हलवली. नाही म्हणजे नाही. “मग उद्या मला जायला नाही मिळणार.”

कुठे, हे विचारायचा मोह बाळाच्या आईने आवरला. उद्या शनिवार. काय असेल ते उद्याच्या आत कळायला हवं होतं, आणि पोरीच्या तोंडाला कुलूप घालणाऱ्यांत आपणही होतो. नुसतं ‘सांग, काही होत नाही’ म्हणून ती का सांगेल? शिलाईताईंची कात्री तिने डोळ्यांनी पाहिली होती.

तिने बाळाला उचललं, दुसरा हात बटणपुढे केला. “चल माझ्याबरोबर. तुझा चौकोन पण घे.”

पलीकडच्या खोलीत मोठ्या बाई टेबलाशी पत्र लिहीत होत्या. शिलाईताई खिडकीत बसून मशीनला तेल घालत होत्या.

“बाई,” बाळाची आई दारातूनच म्हणाली, “आम्ही सगळे तुमच्यासाठी पांघरूण शिवतोय. निरोपाच्या दिवशी देणार होतो. मुलांना आम्ही ते गुपित ठेवायला सांगितलं होतं.”

शिलाईताईंच्या हातातली तेलाची बाटली कलंडली. “अगं ए बाई! डोकं फिरलं का तुझं? इतके दिवस पोरांनी तोंड शिवून ठेवलं, आणि तू घोडी...”

“बटण त्यात सगळ्यांत पक्की,” बाळाची आई म्हणाली. “तिच्याकडे आणखीही एक आहे.”

शिलाईताईंनी बाटली उचलून बाजूला ठेवली. बाईंनी पेन खाली ठेवलं. बटण आळीपाळीने दोघींच्या तोंडांकडे बघत होती. आता कात्री निघणार. आता रागावणार.

बाईंनी हात पुढे केला. “बघू तरी मला काय मिळणार होतं ते.”

बटणने चौकोन दिला. त्यावर अर्धा मासा होता. बाईंनी तो उजेडाकडे धरून नीट पाहिला. “शेपटी राहिलीय वाटतं?”

“उसवणार?” बटणने विचारलं.

“का म्हणून? शिलाईताई, उसवायचाय का?”

“नाही गं राणी,” शिलाईताई म्हणाल्या. “उसवीन असं म्हणाले ना, ते चुकलंच माझं. गुपितच नव्हतं करायचं.”

बटण पळत जाऊन दप्तर घेऊन आली. रंगपेटीखालून, जुन्या मोज्यातून तिने एक मोबाइल काढला आणि टेबलावर ठेवला.

“चित्रकाकांनी दिलाय. आमच्या दोघांचं गुपित. आई आंघोळीला गेली की ते फोन करतात. माझे फोटो पाठव म्हणतात. मी शाळेच्या कपड्यातला पाठवला, तर म्हणाले असला नको.” तिने रिकामा मोजा बोटाला गुंडाळला. “मग मी नाही पाठवला. उद्या ते मला त्यांच्या घरी नेणार आहेत, मोठे रंग दाखवायला. आईला कळलं तर ती माझं इथे यायचं बंद करेल, असं म्हणाले.”

बाईंनी मोबाइलला हात लावला नाही.

“सांगितलंस ते फार चांगलं केलंस,” त्या म्हणाल्या. “तुझं यात काहीही चुकलेलं नाही.”

“तुम्ही आईला सांगणार?”

नाही म्हणणं सोपं होतं. बाळाची आई खाली बसली, बटणच्या उंचीला आली. “हो. तिला सांगायलाच हवं. आणि मुलांची काळजी घेणारं एक सरकारी कार्यालय आहे, तिथेही कळवायचं. तुला सांभाळायचं तर आम्हाला गप्प बसून चालणार नाही. आईला सांगू तेव्हा मी तुझ्याजवळ असेन.”

बटणने विचार केला. “बाळ पण?”

“बाळ पण.”

ती अंगणात खेळायला गेल्यावर शिलाईताई म्हणाल्या, “अहो, माझ्या सासऱ्यांना त्याने दोनदा दवाखान्यात नेलं. आपल्या कपाटाची कडी बसवली. असा माणूस...”

“असा माणूस उद्या इथे येणार नाही,” बाई म्हणाल्या आणि कार्यालयाला लावायला फोन उचलला. “वर्ग बंद आहे एवढंच त्याला कळवायचं. कारण आपण सांगायचं नाही, जाबही विचारायचा नाही. ते काम त्या कार्यालयाचं. तोवर पोरीला कोणी पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. बाळाची आई, तिचे शब्द जसेच्या तसे लिहून काढ. तुझी भर नको.”

कार्यालयातून एक बाई निघाल्या, असा निरोप आला. मुलं घरी गेली. बटणची आई इस्पितळातल्या धुलाईखान्यातून आली तेव्हा तिच्या हातांना साबणाचा वास होता. सगळं ऐकताना ती उभीच राहिली. कितीदा सांगितलं तरी खुर्चीवर टेकेना.

“माझ्या घरात,” ती म्हणाली. “मी आंघोळ करतेय आणि माझ्या घरात.” मग एकदम बटणकडे वळली, “मला का नाही सांगितलंस गं?”

बटण बाळाच्या आईच्या पदराआड झाली.

“तिला बोलता येऊ नये असंच त्याने सगळं रचलं होतं,” बाळाची आई हळूच म्हणाली. “त्यात आम्हीही गुपिताची सवय लावली. तरी तुमच्या पोरीने फोटो पाठवायचं थांबवलं, ते एकटीने, स्वतःच्या अकलेने.”

बटणची आई अखेर खुर्चीत बसली. तिने हात पसरले. बटण गेली आणि तिच्या कुशीत मावत नव्हती तरी शिरून बसली.

“आता मला इथे यायचं नाही का?”

“यायचं. तो नाही येणार. तू यायचंस.”

कार्यालयातल्या बाई शांतपणे बोलून, मोबाइल पाकिटात घालून गेल्या. पुढे बरंच व्हायचं होतं आणि ते सोपं नसणार, हे त्यांनी लपवलं नाही. शिलाईताईंनी दिवे घालवले.

बाळाची आई व्हरांड्यात उभी राहून दोघींना जाताना बघत होती. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत बटण मुकी होती. मग तिने आईचा हात ओढला आणि सुरू झाली: मासा, त्याची राहिलेली शेपटी, मांजरीची पिल्लं, त्यातलं एक आंधळं आहे की नुसतंच झोपाळू, वर्गातल्या कोणाचा डबा कोणी खाल्ला. इतक्या दिवसांचं साचलेलं, श्वास न घेता. आईचे पाय दिवसभराच्या उभ्या कामाने जड झाले होते. तरी ती थांबली, वाकली, कान जवळ नेला.

“हं,” ती म्हणाली. “मग?”