डावीकडचा आरसा

शोभाताईंनी पिकअपचं डावीकडचं दार उघडलं, आत डोकावलं आणि लगेच दार लावून घेतलं.

"दोनच सीटा आहे हिच्यात," त्या म्हणाल्या. "नाही जमणार."

नत्थूजींनी गळ्यातल्या दुपट्ट्यानं मान पुसली. भंडारा रोडवरच्या त्यांच्या यार्डात जुन्या गाड्यांना तोटा नव्हता, पण चारही चाकांनी ओढणारे पिकअप मोजकेच. पहिल्याचा सांगाडा वाकलेला निघाला, दुसऱ्याची पुढची चाकं नुसतीच शोभेची होती. ही गाडी मात्र सोळा आणे खरी. अश्लेषा तिच्याखाली पाठीवर सरपटत जाऊन आली होती. यार्डामागच्या मुरमाच्या ढिगावर तिनं ती चढवून पाहिली होती आणि उतरताना पोरीचा चेहरा खुलला होता. अशा गाडीला सीटसाठी नाही म्हणायचं म्हणजे नवरदेव सोन्यासारखा आणि चप्पल आवडली नाही म्हणून परत पाठवायचा.

"वहिनी, तुम्ही मायलेकी दोघीच तर आहा," नत्थूजी म्हणाले. "तिसरं कोण बसते?"

शोभाताईंनी पदर खोचला आणि पुढच्या गाडीकडे निघाल्या. अश्लेषा एरवी खिळ्यामोळ्यावरून आईशी वाद घालणारी, पण तिनंही त्या गाडीकडे पाठ फिरवली. खांद्यावरची बॅग सावरत मागोमाग गेली.

लकडगंजातली त्यांची लाकडाची टाल सासऱ्यांच्या काळची. रामटेकच्या पलीकडून जळाऊ लाकूड आणायचं, फोडायचं, वाळवायचं. थोडं ढाब्यांना जायचं, थोडं लग्नाच्या आचाऱ्यांना, पण टाल जगली ती दहनघाटावर. जाणाऱ्याला ऋतू नसतो, असं शोभाताईंचे यजमान चंपतराव म्हणायचे. ते गेल्यावर लोकांना वाटलं, आता टालीला कुलूप लागणार. बी.कॉम. झालेल्या अश्लेषानं स्टिअरिंग हाती घेतलं आणि लोकांची तोंडं बंद केली. पण जुना पिकअप मागच्याच चाकांवर चालणारा. यंदा पाऊस लांबला आणि जंगलातल्या काळ्या मातीत तो भरल्या लाकडासकट रुतला. अश्लेषानं एकटीनं रात्र तिथंच काढली. दुसऱ्या दिवशी तिला परत आलेली पाहून शोभाताईच म्हणाल्या होत्या, गाडी बदलू.

म्हणायला म्हटलं. जीव मात्र तेव्हापासून थाऱ्यावर नव्हता, कारण जुन्या गाडीत चंपतराव होते.

घाटावरून परतताना मागं वळून पाहू नये, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पाहिलं तर गेलेला माणूस पाठोपाठ घरी येतो. लोकांवर ही पाळी वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी येते, चंपतरावांवर रोज यायची. लाकूड उतरवून घाटाच्या फाटकाबाहेर पडले की ते गाडी थांबवायचे, खाली उतरायचे आणि डावीकडचा आरसा आत मिटवायचे. काचेवरचा आतला आरसा तर त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकला होता. घर आलं की डावा आरसा पुन्हा उघडायचे. इतक्या वर्षांत त्याची बिजागरी झिजून सैल झाली होती.

त्यांच्यासाठीचं लाकूड त्यांच्याच टालीतून, त्यांच्याच गाडीतून गेलं. चालवायला अश्लेषा होती. शोभाताई कुणाला न विचारता तिच्या बाजूला चढून बसल्या आणि त्यांना उतरवायची कुणाची छाती झाली नाही. परतताना आरसा मिटवायचं कुणालाच सुचलं नाही, कारण मिटवणारा माणूसच मागं राहिला होता. शोभाताईंची नजर गेली. गेली म्हणजे काय, त्यांनी पाहिलं. वळण येईपर्यंत पाहिलं.

तेव्हापासून ते मधल्या सीटवर बसतात. दार उघडलं की त्यांच्या ताज्या घोटलेल्या, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा वास येतो आणि मधली गादी जरा दबलेली दिसते. शोभाताई आधी घाबरल्या, मग त्यांना सवय झाली, आणि खरं सांगायचं तर मग बरं वाटायला लागलं. पण माणसाला सुटू द्यायचं सोडून आपण त्याला रुतवून ठेवलंय, ही टोचणीही होती. अश्लेषाला यातलं त्यांनी अवाक्षर सांगितलं नव्हतं. आणि आता जुनी गाडी बदल्यात नत्थूजींना द्यायची होती. नवरा काय पाट आहे, उचलून इथून तिथं मांडायला? तो परक्यांच्या यार्डात, भंगाराच्या शेजारी राहिला तर?

चौथी गाडी रंग उडालेली होती. क्लच जड, धूर जरा जास्त. पण पुढं एकसलग तिघांची सीट होती. अश्लेषानं ती ढिगावर चढवली. चढताना गाडी कण्हली, पण चारही चाकांनी मुरूम धरला.

"हीच घेऊ," अश्लेषा म्हणाली.

तिसरी गाडी हिच्यापेक्षा सरस होती, हे दोघींनाही कळत होतं आणि नत्थूजींना तर कळतच होतं. त्यांनी खांदे उडवले आणि कागद आणायला आत गेले.

शोभाताई सामान काढायच्या निमित्तानं जुन्या गाडीत चढल्या. पाण्याची बाटली, फडकं, देवीचा छोटा फोटो. वास होताच.

"चला," त्या हळूच म्हणाल्या. "गाडी बदलाची आहे."

आणि त्यांना आपलीच लाज वाटली.

नव्या गाडीत कुणाच्या तरी अगरबत्तीचा वास भरून राहिला होता, दुसरा कसलाच नव्हता. मधली गादी ताठ होती. शोभाताईंनी तिच्यावर तळहात ठेवला आणि उचलला. अश्लेषानं गाडी सुरू केली. बॅग नेहमीसारखी स्वतःच्या मांडीवर, पोट आणि स्टिअरिंगच्या मध्ये कोंबलेली. बाजूला ठेव म्हणून शोभाताई वर्षभर ओरडत होत्या आणि ती राहू दे म्हणत होती.

यार्डाच्या फाटकाशी गाडी हळू झाली. डावीकडच्या आरशात जुना पिकअप दिसत होता, तोंड भिंतीकडे करून उभा. हीच वेळ आहे, शोभाताईंच्या मनात आलं. तेव्हा चुकलं ते आता नीट करता येईल. पाहायचं नाही, म्हणजे ते मोकळे होतील. शोभाताईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि आरसा मिटवला. याची बिजागरी घट्ट होती, दोनदा जोर लावावा लागला.

अश्लेषानं फाटकाबाहेर येऊन गाडी कडेला घेतली.

"काहून बंद केला वं आई?"

"राहू दे. जाऊ दे आता त्यायले."

इंजिन धडधडत राहिलं. अश्लेषाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि नजर उजवीकडे, तिच्या बाजूच्या आरशात.

"तो बंद करून काय होते?" ती म्हणाली. "हा तर उघडाच आहे. गाडी चालवणाऱ्याले मागं पाहाच लागते."

शोभाताई तिच्याकडे वळल्या.

"त्या दिवशी मी बी पाहिलं होतं," अश्लेषा म्हणाली.

मधली गादी मोकळी ठेवून मांडीवर कोंबलेल्या त्या बॅगेकडे शोभाताईंची नजर गेली. मग त्यांना घाटाचं फाटक आठवलं, खाली उतरून भक्तिभावानं डावा आरसा मिटवणारे चंपतराव आठवले. उजवा आरसा मिटवून लकडगंजच्या गर्दीत गाडी चालवता येत नाही, हे एवढ्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. चंपतरावांच्या तरी आलं होतं का, कोण जाणे.

"मंग तुझ्या बाबानं," त्या अडखळत म्हणाल्या, "एवढे वर्ष कोणाकोणाले घरी आणलं असन?"

अश्लेषाला हसू फुटलं. त्यापाठोपाठ शोभाताईंनाही, आणि दोघींचेही डोळे वाहायला लागले. मागून एका ट्रकनं हॉर्न दिला, बाजूनं निघून गेला.

अश्लेषानं नाक पुसलं आणि गिअर टाकला, पण गाडी काही सोडली नाही. डाव्या आरशाकडे पाहत ती थांबली होती.

शोभाताईंनी हात बाहेर काढून आरसा उघडला. काचेवरची धूळ पदरानं पुसली. मग मध्ये जागा करत त्या दाराकडे सरकून बसल्या.