दिवा मालवेपर्यंत

खापरीला चिकटलेल्या अंड्यांत आता डोळे दिसत होते. टाचणीच्या डोक्याहून लहान, रुपेरी, आणि सगळेच्या सगळे आपल्याकडे रोखलेले, असं कहिंदीला वाटलं. म्हणजे आजच. सांजेला दिवा मालवला की काळोखात फुटणार. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो क्लाउनफिश नर पंखांनी अंड्यांवर पाणी खेळवत होता; त्याच्याहून थोराड मादी टाकीच्या कोपऱ्यात.

बायकोची, दामाची, बस दुपारी किलिफी गावच्या स्टँडला लागणार होती. आखातात घरकामाला गेली तेव्हा मुलगी, सिदी, त्याच्या कमरेला लागायची. आज तीच आजीला घेऊन आईला आणायला स्टँडवर गेली होती, आणि आपण इथे माशांच्या शेडमध्ये... मधल्या काळात बुडी मारताना कान फुटला, समुद्र सुटला, चालताना तोल जाऊ लागला. दामाला फोनवर सगळं ठाऊक होतं. पण ऐकणं वेगळं. ती बघेल — भर उजेडात, भिंतीला हात लावून चालणारा नवरा...

"कहिंदीभाऊ, अजून इथेच?" शेजारच्या टाक्या धुणारी न्येवू म्हणाली. "बायको इतक्या वर्षांनी येतेय आणि तुम्ही माशांच्या बाळंतपणात!"

"जातो ना."

तेवढ्यात दिवा फडफडला. विझला, लागला, पुन्हा विझला. नर दचकून खापरीपासून लांब उडाला, परतला, आणि त्याने एक अंडं तोंडात घेतलं... गिळलं. आधीची सगळी वीण अशीच गेली होती. उजेड लुकलुक करायला लागला की हा भुकेने नाही, भीतीने आपलीच पिल्लं खातो. हीही वीण गेली तर माशांची पैदास करणारा गावातल्या बायकांचा गट ही शेड बंद करणार होता.

न्येवूने वायर उपटली. कहिंदीने बॅटरीचा दिवा चटईआड, अंड्यांवर झोत पडणार नाही असा धरला. मंद, एकसारखा.

"टांगायला जागा नाही," न्येवू म्हणाली. "धरूनच बसावं लागेल. मी बसते, तुम्ही निघा."

"नको. तुझा हात हलतो."

तिचा हात हलत नव्हता. दिवा विझला तेव्हा आपल्याला सुटल्यासारखं वाटलं — हे त्याने स्वतःलाही पुरतं ऐकू दिलं नाही. मी कामात अडकलोय, बस्स. न्येवू जेवायला घरी गेली.

नर सावकाश पुन्हा पाणी खेळवू लागला. कहिंदीचा दंड भरून आला, आणि त्याच वेळी शेडचं दार सताड उघडलं. दुपारचं ऊन थेट टाकीवर कोसळलं.

"दार लाव!" तो ओरडला. "आधी दार लाव!"

दार लागलं. नराने आणखी दोन-तीन अंडी गिळली होती. आणि मग कहिंदीच्या ध्यानात आलं, आपण कुणावर ओरडलो ते.

"सिदीचे बाबा," अंधारातून आवाज आला. फोनवरच्यापेक्षा जाड. "हेच बोलायचं राखून ठेवलं होतं होय?"

"अंडी... उजेडाने नर बिथरतो. सिदी कुठाय?"

"घरी. कडेवर घ्यायला गेले, तर तीच माझ्याहून उंच." चाचपडत ती बादली पालथी घालून बसली. हसली, की तसं काही नाही, त्याला कळलं नाही. मग म्हणाली, "बरं झालं अंधार आहे. स्टँडवर सगळे माझ्याकडेच बघत होते. तिथे माझ्या खोलीतला दिवा मला मालवता यायचा नाही. बटण बाहेर होतं. बाईच्या हातात."

दिव्याचा झोत अंड्यांकडे सरकला. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तिथे काय झालं, हे विचारावं का... विचारलं की मग तीही विचारणार.

सांज होईपर्यंत दोघं तशीच बसली. बाहेर भरतीचा आवाज चढत गेला.

"दामा," तो म्हणाला, "आता मालवायचा. तू मालव."

तिने अंधारात त्याचा हात शोधला, हातावरून पुढे सरकत बटण गाठलं, आणि क्षणभर तशीच थांबली — दाबावं की नाही, हे आपल्यालाच ठरवायचंय यावर विश्वास न बसल्यासारखी. मग बटण दाबलं.

काहीच दिसेना. पाण्यात काही फुटत असेल, नसेल. तिचा श्वास जवळच होता. उठताना आपला तोल जाणार, तिच्या खांद्याला हात लावावा लागणार, हे त्याला सकाळपासून छळत होतं. आता त्याला वाटलं, जाऊ दे गेला तर... आणि छातीतलं धडधडणं तसंच राहिलं, पण ते आता दाराकडे पळत नव्हतं.