मेंढवाड्याची सफाई

खोली: २१२ मीटर

परदेशी कंपनीचा बोअर इतका खाली गेला होता. अजून शंभरेक मीटर, मग कोळशाचा थर आणि त्यात गॅस आहे की नाही याचा निकाल. यांजमाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ती मोटरसायकलवरून आली होती आपला हिवाळी मुक्काम बघायला. बोअरपासून हाकेच्या अंतरावर, टेकडीच्या कुशीत तिचा मेंढवाडा. महिन्याभरात गोबीच्या वाळवंटात थंडी उतरणार, साडेतीनशे मेंढ्या इथे येणार.

खोली: शून्य

मेंढवाडा चकाचक होता. खालचे खडेसुद्धा मोजता आले असते.

मोटरसायकल स्टँडवर लावायचं यांजमाला सुचलंच नाही. गाडी आपोआप आडवी झाली.

कंपनीची दुभाषी ओयुंदारी धावत आली. मागून बोअरचा साहेब ब्रेट, हसतमुख.

"मावशी, आवडलं ना? साहेबांनी खास माणसं लावली. शेजारधर्म म्हणून."

"तू कुठली गं?"

"राजधानीतली."

"ते दिसतंच आहे. याच्या घरी जाऊन मी याची गादी उकिरड्यावर टाकली तर याला आवडेल का, विचार."

खोली: दीड वीत

एवढा जाड थर होता. तीस हिवाळ्यांच्या लेंड्या, मेंढ्यांनीच तुडवून फरशीसारख्या घट्ट केलेल्या. उणे चाळीसमध्ये मेंढी त्या उबेवर तगते. मुक्काम उन्हाळाभर ओस असतो, तरी दुसऱ्याच्या थराला कुणी हात लावत नाही.

यांजमाने ऐकवलेलं हे सगळं ओयुंदारीने साहेबाला सांगितलं. ब्रेटचं हसू टप्प्याटप्प्याने उतरलं.

"टाकलंय कुठे?" यांजमाने विचारलं.

"रस्त्यावरच्या खड्ड्यांत."

"मग काढा."

खोली: २१२ मीटर, अजूनही

बोअरवरची अकरा माणसं, एक ट्रक, दोन दिवस. अख्ख्या लाद्या थोड्याच निघाल्या. बाकी नुसता भुगा. आणि भुगा ऊब धरत नाही, तो तुडवावा लागतो.

"उद्याच मेंढ्या आणते," यांजमा म्हणाली. "पण यंत्र गप्प हवं. ते घरघरलं तर माझा कळप चीनमध्ये जाऊन थांबेल."

"किती दिवस, विचारताहेत."

"मेंढ्यांना विचार म्हणावं."

ब्रेटने कंपनीला फोन लावला. बराच वेळ बोलला.

"काय सांगितलं गं त्याने?"

"यंत्राची देखभाल चालू आहे म्हणाले."

खोली: एक वीत

मेंढ्या आल्या आणि दारातच थबकल्या. भुग्याला डिझेलचा वास होता. एक दिवस गेला, दोन गेले. आत येत, काठाकाठाने फिरत, पण बसत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी ब्रेट मोठाले बूट घालून मधोमध उतरला आणि तुडवू लागला. मागोमाग त्याची माणसं.

"त्याला सांग, टाच आपटू नको. पाऊल अख्खं टाक. मेंढी काय संचलन करते?"

सहाव्या दिवशी फाटक्या कानाची एक म्हातारी मेंढी मधे आली. हुंगलं, एक गिरकी घेतली, पुढचे गुडघे दुमडले आणि बसली. यांजमाने तिच्या पोटाखाली हात सरकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"अजून चार दिवस," ती म्हणाली.

ओयुंदारीने भाषांतर करेपर्यंत ब्रेट थांबला नाही. त्याने पुन्हा तुडवायला सुरुवात केली.