निळ्या औषधात बुडवलेला विळा

मित्रांनो, आता माझ्याकडून गवताची काडीही नीट कापली जात नाही, पण तेर गावच्या एका शेतात पावसाळा आला की माझ्यावाचून काम अडतं. मी एक जुना विळा आहे. जरा बढाई मारतोय, पण ऐकून घ्या. म्हाताऱ्यांना तेवढी सवलत असते.

लोहारा गावच्या नागप्पा लोहारानं मला ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून घडवलं आणि बाभळीची मूठ बसवली. माहेरी आलेल्या कस्तुराबाईंनी मला हातात तोललं, अंगठ्यानं धार पाहिली आणि सासरी तेरला नेलं. ज्वारी, कडवळ, बांधावरचं गवत, जे समोर आलं ते मी कापलं. शेजारच्या बायका मला उसना मागायच्या आणि कस्तुराबाई द्यायच्या नाहीत. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढं धार झिजली. घरात नवा विळा आला आणि मला गोठ्याच्या कुडात खोचून ठेवलं. दोन पावसाळे कुणी माझी आठवण काढली नाही. अंगभर गंज चढला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मला पुन्हा कामाला लावलं ते एका रोगानं. कस्तुराबाईंनी स्वतः खड्डे काढून दोनशे लिंबोणी लावल्या होत्या. जमीन नदीकाठची, काळी, पाणी धरून ठेवणारी. एका पावसाळ्यात झाडांच्या खोडांतून डिंक गळू लागला, साल कुजली आणि अकरा झाडं वाळली. हा बुरशीचा रोग, शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात. कस्तुराबाईंचा मुलगा रणधीर म्हणाला, बाग उपटू आणि ऊस लावू. कस्तुराबाईंनी त्याच्याकडं तीन वर्षांची मुदत मागितली. तेवढ्या मुदतीत डिंक थांबला नाही तर त्या स्वतः कुऱ्हाड देणार होत्या.

कृषी सहायकांनी त्यांना बोर्डो मिश्रण करायला शिकवलं. मोरचुदाचे निळे खडे एका पिंपात विरघळवायचे, कळीचा चुना दुसऱ्यात, मग दोन्ही एकत्र करायचं. सुंदर निळं औषध तयार होतं. पण चुना कमी पडला तर हेच औषध झाडाला भाजून काढतं. म्हणून घासून लख्ख केलेलं लोखंड त्यात मिनिटभर बुडवायचं. त्यावर तांब्याचा लाल थर चढला की समजायचं, चुना कमी आहे. हे ऐकून कस्तुराबाई उठल्या आणि गोठ्यातून मला घेऊन आल्या. त्यांनी मला राखेनं असं घासलं की मलाच माझी ओळख पटेना.

काय बाई आहे ती, मित्रांनो! अक्षर येत नाही, पण माप चुकत नाही. खोडाची कुजकी साल माझ्या टोकानं हलक्या हातानं खरवडायची, त्यावर निळा मलम फासायचा आणि मग फवारणी. दर वेळी आधी मला बुडवायचं. मी लाल झालो की त्या पुन्हा चुन्याची निवळी ओतायच्या, ढग माथ्यावर आले तरी. दोन वर्षांत निम्म्या झाडांचा डिंक वाळला.

तिसरं वर्ष म्हणजे हे वर्ष. कस्तुराबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि त्यांना लाल-पांढरं कळेनासं झालं. त्या बांधावर बसल्या आणि मिश्रण रणधीर करू लागला. त्यानं गेल्या सालची उघडी राहिलेली चुन्याची पिशवी आणली. चांगला चुना पाण्यात पडला की खदखदतो. हा गपगार बसला. रणधीरनं मला बुडवून वर काढलं. मी तांब्याच्या पैशासारखा लालभडक झालो होतो.

आईनं विचारलं, विळा लाल धरतोय का. रणधीरनं आभाळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

“न्हाय आई, चकचकीत हाय.”

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. त्यानं चार झाडं फवारली आणि पाऊस कोसळला, म्हणून बाकीची वाचली. चौथ्या दिवशी त्या चार झाडांची पानं करपून गळाली. कस्तुराबाई ओळीतून चालत गेल्या. त्यांच्या पायाखाली गळालेली बोरांएवढी लिंबं चिरडली जात होती. एकेका झाडाला हात लावून त्या परत आल्या, पण मुलाला एका शब्दानं रागावल्या नाहीत. त्यांनी मला राखेनं घासलं आणि त्याच्या हातात दिलं.

“डोळं माझं गेलंत. विळ्याचं न्हाय.”

 रणधीर एसटीनं धाराशिवला गेला आणि ताज्या कळीच्या चुन्याचं पोतं खांद्यावर घेऊन आला. या खेपेला चुना असा खदखदला की बांधावर बसलेल्या आईला ऐकू गेला. रणधीरनं मला बुडवलं. मी अजूनही थोडा लालसर होतो. पश्चिमेकडं पुन्हा काळंभोर झालं होतं, पंप भरायचा बाकी होता आणि आईला यातलं काहीच दिसत नव्हतं.

“काय म्हंतोय विळा?” कस्तुराबाईंनी विचारलं.

त्यानं पंप बाजूला सारला. “लाल हाय, आई. आजून चुना लागतोय.”

“मग घाल की. पाऊस आला तर उद्या नवं करू.”

पाऊस आलाच आणि शिळं मिश्रण चालत नसल्यानं ते सगळं वाया गेलं. दुसऱ्या दिवशी माय-लेकांनी सगळं पहिल्यापासून केलं. आज बागेत बहुतेक झाडांचा डिंक थांबला आहे. करपलेल्यांपैकी तीन झाडं फुटली, एक गेलं. बाग उपटायची गोष्ट रणधीर आता काढत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं अवजार असेल. त्याला गंज चढू देऊ नका, काम झाल्यावर पुसा, तेलाचा हात फिरवा. तेही जमलं नाही तर मी रागावणार नाही. पण समोरच्या माणसाला दिसत नसेल आणि मी लाल झालो असेन, तर लालच म्हणा.